मधली वर्षं

शांत बसा. पाठ टेकलेली असली तरी चालेल. लक्ष तळपायांकडे न्या. फरशीचा गारवा लागतोय, तो नुसता लागू द्या.

आता मुरलीकांत पेटकर मनात आणा. सांगली जिल्ह्यातला पोरगा, लष्करात जवान, बॉक्सिंग खेळणारा. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये तेच 50 मीटर पोहले आणि भारताला या स्पर्धेतलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पद्मश्री मिळाली 2018मध्ये.

तारखा वाचून लगेच पुढे जाऊ नका. 1972 आणि 2018. मधल्या वर्षांत रेंगाळा. त्या काळात आपल्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक होतं? उत्तर बोचेल, बोचू द्या.

श्वास संथ झाला की पुण्याच्या खडकीला चला. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी 1974पासून तिथे पुनर्वसन केंद्र आहे. अशा माणसाला इजेखालच्या भागात कातडीवरचा दाब बहुधा जाणवत नाही. एकाच कुशीवर राहिला तर जखमा होतात आणि त्या चिघळतात. म्हणून ज्याला स्वतःला वळता येत नाही, त्याला दर काही तासांनी कुणीतरी वळवावं लागतं. दिवसा, रात्री, दिवाळीतही. ते हात डोळ्यांसमोर आणा: एक खांद्याखाली, एक कमरेखाली. चादरीची चुणीसुद्धा राहू द्यायची नाही. देशानं केलेला सन्मान म्हटलं की मला आधी हे हात आठवतात, संचलन नंतर. संचलनही हवंच. पण ते दुपारपर्यंत आटोपतं आणि कूस रात्री पुन्हा बदलावी लागते.

7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949पासून आहे. लाल, गडद निळा, फिकट निळा असा कागदी झेंडा खिशावर लागतो, त्याचा निधी जखमी जवानांना, वीरपत्नींना, माजी सैनिकांना जातो. पुढच्या वेळी झेंडा घेताना क्षणभर हात थांबवा.

आता आपल्या गावातले, आळीतले फौजी आठवा. सगळे ज्यांना ‘मेजर’ म्हणतात ते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभे असतील. दिसले तर खुर्ची पुढे करा, शेजारी बसा. कुठल्या पलटणीत होता, पोस्टिंग कुठं कुठं झालं, विचारा. सांगू लागले तर मध्येच तोडू नका. विषय टाळला तर पावसापाण्याचं बोला, आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत थांबा.