उपरण्याने पुसलेली काच

सदाशिवनगरच्या गोल रिंगणात अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. त्याच मातीने आमच्या हातून एक अपराध घडला. त्यावरून जो प्रश्न पडला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दिंडीत एक तरुण कॅमेरा घेऊन चालत होता. रिंगण झाल्यावर तो कॅमेरा आमच्या मांडीवर ठेवून पाणी प्यावयास गेला. भिंगावर धुळीचा थर बसलेला. आम्ही उपरण्याचे टोक घेतले आणि मोठ्या मायेने रगडून काच लख्ख केली. पोर परत आले, भिंग उजेडाकडे तिरपे धरून पाहिले आणि गप्प झाले. बारीक बारीक ओरखडे! "महाराज, माती होती तोवर काही बिघडलं नव्हतं," एवढेच म्हणाला.

मग वाटेत त्याने सारे समजावून दिले. मातीत गारेचे कण असतात, ते काचेहून कठीण. फडक्याखाली सापडले की फडक्याचीच कानस होते. म्हणून आधी रबरी फुग्याने वारा मारावयाचा. तोंडाने फुंकायचे नाही, थुंकी उडते. मग मऊ कुंचला. एवढ्यानेही न गेलेला बोटाचा ठसा असेल तरच मऊ कापडावर थेंबभर द्रव घेऊन मधून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. द्रव थेट काचेवर टाकला तर कडेने आत झिरपतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेकडा 4 इतका प्रकाश परत फिरतो, तो वाचावा म्हणून भिंगावर अतिशय पातळ लेप असतो. 1935 साली झाइस कारखान्यातील स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञाने ही युक्ती काढली. फार पुसले तर तो लेपच झिजतो. आणि गंमत अशी, की दोनचार कण राहिले तरी चित्रात बहुधा दिसतही नाहीत!

"मग वर दुसरी काच का लावीत नाहीस?" आम्ही विचारले. "फिल्टर आहे की. घाव त्याच्यावर जातो. पण रात्री कीर्तनात दिवे समोर आले की त्याच्यामुळं खोट्या ज्योती उमटतात, म्हणून काल काढला होता. आणि तोही पुसावा लागतोच."

आता प्रश्न असा, की हेतू शुद्ध असता कर्माचा दोष लागतो काय? भाव शुद्ध तर सारे शुद्ध, असे आम्ही जन्मभर गादीवरून सांगत आलो. पण ओरखडा काही भाव विचारीत नाही. मल, विक्षेप आणि आवरण हे अंतःकरणाचे तीन दोष, आणि त्यांना निष्काम कर्म, उपासना व ज्ञान हे तीन वेगळे उपाय, हे पाठशाळेत घोकले होते. शास्त्राने सर्वांना एकच फडके लावलेले नाही. आम्ही मात्र लावले.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका सप्ताहात मागे खांबाशी एक गृहस्थ येऊन बसत. पिण्याचे व्यसन होते, तरी रोज येत. एके रात्री आम्ही नाव न घेता व्यसनी माणसाचे असे काही सोंग रंगविले की सारा मंडप वळून त्यांच्याकडे पाहू लागला. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. पुढे वारीही सुटली, असे ऐकले. हेतू शुद्धच होता, अशी आम्ही मनाची समजूत घातली. परंतु लोक हसले तेव्हा आम्हांस बरे वाटले होते, हेही लिहून टाकतो. म्हणजे फडक्यातही कण होताच.

मग कोणाचा दोष बोलूच नये काय? तसेही नाही. न हाताळता कपाटात कोंडलेल्या भिंगाला पावसाळ्यात बुरशी चढते, ती काचच खाते, असे तो मुलगा म्हणाला. गप्प बसणे म्हणजे जपणे नव्हे. आमचे मत असे झाले, की शुद्ध हेतूने फार तर शिक्षा हलकी होते. भरपाई चुकत नाही.

भिंगाचे पैसे मुलाने घेतले नाहीत. कार्तिकीच्या आधी आम्ही त्या गृहस्थांच्या गावी गेलो. कीर्तन नव्हते, काही नव्हते, ओट्यावर बसलो. चहा झाला. त्या रात्रीबद्दल आम्ही क्षमा मागितली, तेव्हा ते पावसाचे बोलू लागले. निघताना आमची पिशवी त्यांनी एस.टी.पर्यंत आणून दिली.