निरभ्र दिवसाचं पाणी

सह्याद्रीत भटकणाऱ्याला पाण्याचं पहिलं शिक्षण आभाळाकडे बघून मिळतं. घाटमाथ्यावर काळं दिसलं की ओढ्यात उतरायचं नाही, आणि उतरलेलो असलो तर पलीकडचा काठ लवकर गाठायचा. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लख्ख ऊन पडलं म्हणजे आज पाण्याची चिंता नाही, असं मन आपोआप ठरवून टाकतं. लडाखच्या मरखा खोऱ्यात हा हिशेब उलटा आहे. तिथे वर्षाकाठी जेमतेम शंभरेक मिलिमीटर पाऊस पडतो. नदी वाढते ती उन्हाने. दिवस जितका निरभ्र, तितकं दुपारनंतरचं पाणी दांडगं. ढगाळ, गार दिवस गेला की दुसऱ्या सकाळी नदी शहाण्यासारखी वागते.

ही मरखा नदी कांगयात्से शिखराच्या परिसरातल्या हिमनद्यांवर पोसलेली. चिलिंगजवळ ती झांस्करला मिळते. चिलिंगहून निघून स्किऊ, मरखा, हंकर अशी गावं मागे टाकत निमालिंगच्या कुरणात पोचायचं, सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू ला खिंड ओलांडायची आणि शांग सुमदोला उतरायचं, ही जुनी पायवाट. बहुतेक वाट हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जाते. गावाजवळ जवाची हिरवी पट्टी आणि विलोची झाडं, ती संपली की थेट उघडे, जांभळट-तपकिरी डोंगर. कड्यावर भरल चरताना दिसतात. हिमबिबट्या दिसत नाही. तो आपल्याला बघत असेल, एवढं मनात धरून चालायचं.

चालण्याची दमछाक सवयीने कमी होते. नदीचं तसं नाही. एका दुपारी उताराच्या जागी पोचलो तेव्हा पाणी सिमेंट कालवल्यासारखं राखाडी होतं, तळ अजिबात दिसत नव्हता. काठावर उभं राहिलं की पाण्याच्या आवाजाखालून दुसराच एक आवाज यायचा, तळाशी गोटे गडगडत जाण्याचा. तो ऐकला की कुणी वेगळं सांगावं लागत नाही. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं, दोन तास उजेड आहे, दोर लावून जाऊया. वाटाड्याने वाद घातला नाही. त्याने पाण्याच्या कडेला ओळीने पाच-सहा दगड मांडले आणि चूल पेटवायला गेला. अंधार पडेपर्यंत त्यातले चार बुडाले होते. सकाळी सगळे उघडे पडले, वर गाळाचा पातळ करडा लेप घेऊन. पाणी गुडघ्याच्या किंचित वर होतं.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून सकाळचं मांडीभर पाणी आणि दुपारचं मांडीभर पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरायचंच असेल तर पात्र जिथे रुंद, पसरट असेल तिथे. अरुंद जागा सोपी वाटते, पण सगळी ओढ तिथेच कोंडलेली असते. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलोच तर ओझं टाकून देता येतं. तोंड धार येते त्या दिशेला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय उचलायचा. पायांत बूट किंवा पट्ट्याच्या चपला हव्यातच. त्या पाण्यात पाय इतके लवकर बधिर होतात की दगड लागला तरी कळत नाही.

खरं कसब मात्र थांबण्यात आहे, आणि आम्हा नोकरदार मंडळींना तेच जड जातं. सुट्टी मोजून घेतलेली, परतीचं विमान ठरलेलं. एकही मोकळा दिवस न ठेवता आखलेला आणि विकलेला कार्यक्रम मला बेजबाबदारपणाचा वाटतो. त्यात नदी आडवी आली की माणसं पाण्याकडे बघत नाहीत, घड्याळाकडे बघतात. आणि धोका फक्त उन्हाच्या पाण्याचा नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहच्या आसपास ढगफुटी झाली आणि शेकडो माणसं गेली. एवढ्या कोरड्या मुलखातही कधीतरी पाऊस येतोच, आणि आला की उघडे डोंगर तो धरून ठेवत नाहीत.

आता खोऱ्यात पूल होत आहेत, खालच्या भागात गाडीरस्ताही आला आहे. काही जुने भटके त्याबद्दल हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला घेऊन सकाळपर्यंत काठावर बसण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांचा पूल आपल्या अनुभवापेक्षा मोठा आहे.

त्या खोऱ्यातल्या लोकांची पाण्याबद्दलची काळजी आपल्यासारखी नाहीच. आपण जास्त पाण्याला भितो. त्यांना ते हवं तेव्हा मिळत नाही. जव पेरायचा तो एप्रिल-मेमध्ये आणि वरचा बर्फ नीट वितळू लागतो तो त्यानंतर. जुलैच्या दुपारी जे पाणी आमची वाट अडवून धावत होतं, त्यातलं थोडं दोन महिने आधी मिळालं असतं तर पेरणीची ओढाताण झाली नसती. त्यातच १९६९ ते २०१० या काळात कांगयात्से परिसरातल्या हिमनद्यांचं क्षेत्र सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्याने पेरणीच्या पाण्याच्या याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी वळवून गावाच्या वर, सावलीच्या उतारावर, बांधांमागे पसरू द्यायचं. ते तिथेच गोठतं. खऱ्या हिमनदीपेक्षा बरंच खाली असल्यामुळे हा बर्फ लवकर वितळतो, आणि पेरणीच्या दिवसांत पाटाला पाणी येतं.