निकाल देणारे आपण कोण?

डिसेंबर २०११ मध्ये कूचबिहार करंडकात, म्हणजे एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जालन्याच्या विजय झोलने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. वयाची सतरा वर्षं नुकतीच पूर्ण झालेली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात विश्वचषक जिंकणाऱ्या भारताच्या युवा संघात तो होता. २०१३ च्या मोसमात महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण झालं तेही त्रिपुराविरुद्ध नाबाद द्विशतकाने. जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवर गतविजेत्या मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा उभारल्या, तेव्हा महाराष्ट्र हरल्यात जमा होता. पण चौथ्या डावात २५२ चं लक्ष्य समोर आलं आणि केदार जाधव नाबाद १२०, झोल नाबाद ९१ अशा जोडीने आठ गडी राखून सामना काढला. पुढच्याच महिन्यात अमिरातीतल्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार होता हाच मुलगा. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने हरवलं आणि भारत पाचवा आला.

त्या संघात संजू सॅमसन होता, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान, दीपक हुडा होते. हे पाचही जण पुढे भारताच्या मुख्य संघातून खेळले. कर्णधाराला मात्र ती टोपी मिळाली नाही. आयपीएलमध्ये बेंगळुरूने त्याला घेतलं, सामने मोजकेच मिळाले, आणि मग हळूहळू नाव बातम्यांतून मागे पडत गेलं. आज त्याने तिशी ओलांडली आहे. जालन्यात चहाच्या टपरीवर क्रिकेटचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, ‘काय रे, झोल संपला का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उत्तर ऐकायला मात्र तो थांबत नाही. चहा संपतो, विषय बदलतो, आणि एका माणसाच्या आयुष्याचा निकाल कपाबरोबर खाली ठेवला जातो.

खेळाडूची कारकीर्द उतरणीला लागली का, हा प्रश्न विचारूच नये असं मी म्हणणार नाही. खेळ म्हणजे मोजमाप. धावा होत नसतील तर होत नाहीत, त्यावर पांघरूण घालण्यात काही भलं नाही. पण हाच प्रश्न तीन वेगवेगळे लोक विचारतात आणि तिघांचा अधिकार सारखा नसतो.

पहिला निवडकर्ता. त्याला पुढच्या सामन्यासाठी अकरा जण हवे असतात. अमक्याला घ्यायचं की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. तो चुकला तर संघ हरतो आणि जाब त्याला द्यावा लागतो. शिवाय त्याचा निर्णय पुढच्या सामन्यापुरता असतो; पुढच्या मोसमात तो फिरवता येतो. सर्फराज खानचंच बघा. २०१४ चा तो युवा विश्वचषक खेळल्यावर कसोटी पदार्पणासाठी त्याला फेब्रुवारी २०२४ मधल्या राजकोटच्या सामन्यापर्यंत थांबावं लागलं. मधल्या दहा वर्षांत त्यालाही अनेकांनी निकालात काढलं होतं. निवडकर्त्यांनी दार लावलं, पण कडी घातली नाही.

दुसरा स्वतः खेळाडू. थांबायचं कधी, हे त्याचं त्याला ठरवायचं असतं. विजय मर्चंट यांचं उदाहरण या बाबतीत नेहमी दिलं जातं. १९५१ साली दिल्लीत, वयाच्या चाळिशीत, इंग्लंडविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत त्यांनी १५४ धावा केल्या. क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाली आणि ते बाजूला झाले. लोक ‘अजून का नाही थांबला’ म्हणायच्या आधी थांबावं, हा धडा त्यांच्या नावाने सांगितला जातो. धडा चांगला आहे. मात्र मर्चंट कापड गिरण्यांच्या मालकांच्या घरातले होते, हे सांगायचं आपण विसरतो. खेळ सुटला तरी त्यांच्या घरची चूल थंड होणार नव्हती. आज रणजी सामन्यात अकरांत असलेल्या खेळाडूला अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण संघातच निवड झाली नाही तर हातात एक रुपयाही पडत नाही, आणि मोसम असतो जेमतेम काही महिन्यांचा. अशा मुलाला ‘सन्मानाने थांब’ असा सल्ला देणं सोपं आहे. सन्मानाने थांबायलाही पाठीशी काहीतरी असावं लागतं.

तिसरे आपण. आपल्याला संघ निवडायचा नसतो, घर चालवायचं नसतं, जाबही द्यायचा नसतो. तरी सगळ्यात मोठा निकाल आपलाच. निवडकर्ता म्हणतो, ‘या सामन्यात नाही.’ आपण म्हणतो, ‘संपला.’ तो खेळाबद्दल बोलतो, आपण माणसाबद्दल.

जालना जिल्ह्याला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शहराला टँकरचं पाणी, तिथे झाडांना कुठून येणार? रस्त्याने जाणारा येणारा प्रत्येक जण वाळलेल्या बागेकडे बघून ‘गेली बाग’ म्हणत होता. बागवान तसं म्हणत नव्हता. तो बुंध्याला नखाने ओरखडा काढून साल आतून हिरवी आहे का ते बघायचा. हिरवी दिसली तर टँकर विकत घ्यायचा, आच्छादन करायचा, फांद्या छाटून झाडावरचा भार कमी करायचा. नाही दिसली तर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवायचा. ते दुःख त्याचंच असायचं आणि कर्जही त्याचंच. वाटसरू नजरेनेच निकाल देत होता, बागवान नखाने तपासून. दोघांचा निष्कर्ष एकच निघाला तरी दोघांची योग्यता एक होत नाही.

‘उतरण’ हे मोजमापही फसवं आहे, कारण आपण ते सगळ्यात उंच टोकापासून घेतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या. मधल्या सुटीत काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला आणि विक्रम तिथेच राहिला. भाऊसाहेब पुढेही अनेक वर्षं रणजी खेळले, पण भारताकडून कसोटी त्यांना एकही मिळाली नाही. ४४३ नंतरची सगळी वर्षं उतरणीची म्हणायची का? सतराव्या वर्षी ४५१ करणाऱ्या मुलाचंही तेच. स्पर्धा वेगळी, प्रतिस्पर्धी वेगळे, पण ज्याने एकदा एवढा उंच कळस गाठला त्याची नंतरची प्रत्येक चांगली खेळी आपल्याला पायरी उतरल्यासारखी दिसते. पन्नास केले तर म्हणायचं, ‘आता पन्नासच होतात.’ दुसऱ्या एखाद्याने तेच पन्नास केले तर आपण गल्लीत पेढे वाटले असते.

इथे कोणीतरी अमोल मुझुमदारचं नाव घेईल. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. त्याच मुझुमदारच्या प्रशिक्षणाखाली २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. ‘बघा, शेवटी न्याय मिळालाच!’ असं सगळा महाराष्ट्र म्हणाला. आनंद मलाही झाला. पण हे समाधान जरा तपासून घ्यायला हवं. तो चषक हातात आला नसता, तर त्या अकरा हजार धावा वाया गेल्या असत्या का? दुसरा करंडक उंचावल्यावरच माणसाची पहिली धडपड सार्थ ठरत असेल, तर ज्यांना दुसरा करंडक कधीच मिळणार नाही, अशा हजारो मुलांना आपण आत्ताच निकालात काढतो आहोत. परत येणाऱ्याचं कौतुक करायला फारसं मन मोठं लागत नाही. जो परत येणार नाही त्याच्याशी आपण कसं वागतो, त्यात आपली परीक्षा आहे.

याचा अर्थ खोटा धीर द्यावा, असा मात्र नाही. ‘येशील रे परत, सोडू नकोस,’ असं अठ्ठाविशीतल्या मुलाला सांगत राहणं हीदेखील एक निर्दयता आहे, तिला फक्त गोड मुलामा दिलेला असतो. मराठवाड्यातल्या मुलाला क्रिकेटसाठी पुण्याची वाट धरावी लागते, कारण राज्य संघटना आणि गहुंजेचं मैदान तिकडे. घर सुटतं, कॉलेज मागे पडतं, बापाने काढलेलं कर्ज वाढत राहतं. राज्याच्या संघात जागा किती? एका वेळी अकरा, फार तर राखीव धरून पंधरा-सोळा. बाकीच्यांना कधी ना कधी कोणीतरी खरं सांगायला हवं. पण ते सांगण्याचा हक्क त्यालाच, जो सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीही त्या मुलाच्या बाजूला उभा असेल. पदवीचा राहिलेला पेपर भरायला सोबत जाणारा बाप, पंचांच्या परीक्षेचा फॉर्म आणून देणारा सर, दुकानात किंवा शेतात हातभार लावायला बोलावताना तोंडावर दया न आणणारा भाऊ. यांच्या तोंडचं कटू सत्यही पचतं. टपरीवरच्याचं नाही पचत.

आपल्या गावागावांतून मुलाच्या पहिल्या शतकालाच चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर मुलाचा फोटो असतो आणि त्याहून मोठे फोटो शुभेच्छुकांचे. त्या शुभेच्छुकांना एवढंच सांगायचं आहे: ज्या वर्षी फ्लेक्स लावलात त्याच वर्षी त्या मुलाच्या शिक्षणाचं काय, हे त्याच्या आईला विचारा. जमलं तर तालुक्यात एक बरी खेळपट्टी आणि एक पगारी प्रशिक्षक ठेवा, म्हणजे खेळ सुटला तरी त्याला शिकवायला जागा राहील. हे करणाऱ्याने ‘संपला’ म्हटलं तर मी मुकाट्याने ऐकेन. बाकीच्यांनी स्कोअर जरूर विचारावा. तेवढा अधिकार प्रेक्षकाचा असतोच.