सवड कोणाची?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. ३ तारखेच्या सकाळी सुरू, ७ तारखेच्या संध्याकाळी पूर्ण. ७२० माणसं रात्रंदिवस राबली, गिनीज बुकात नोंद झाली. अभिमान वाटावा असंच काम. पण त्याआधी हाच रस्ता कित्येक वर्षं रखडला होता. त्यामुळे घड्याळ नेमकं कुठून सुरू करायचं, हा प्रश्न उरतोच.

प्रोजेक्टच्या शेड्यूलमध्ये वेळेचा हिशोब क्रिटिकल पाथने मांडतात. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत या पद्धतीवर काम झालं. कामं एकमेकांवर अवलंबून असतात. खालचे थर दाबल्याशिवाय डांबर पडत नाही. अशा साखळ्यांपैकी वेळेने सगळ्यात लांब ती क्रिटिकल. तिच्यातलं एक काम दिवसभर लांबलं, की अख्खा प्रोजेक्ट दिवसभर लांबतो. बाकीच्या साखळ्यांना थोडी सवड असते. तिला फ्लोट म्हणतात.

खरी गोम इथेच आहे. एका साखळीत तीन कामं आणि दहा दिवसांची सवड असेल, तर चार्टवर तिघांपुढेही दहाच दिसतात. पण ते तीस दिवस नाहीत; तेच दहा, तिघांत मिळून. पहिल्याने ते संपवले, की तिसऱ्याच्या वाट्याला शून्य. नियम कुणीच मोडलेला नसतो, तरी रात्री जागायची पाळी शेवटच्यावर येते. सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा टेस्टर असतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला पाणी सढळ वापरलं, की शेपटाकडची शेतं कोरडी राहतात. वरच्याने चोरी केली असं म्हणता येत नाही. पण खाली कोण आहे, हे त्याला माहीत होतं. त्याची जबाबदारी तिथूनच सुरू होते.

म्हणून क्रिटिकल पाथ तपासताना तारखा जुळल्या म्हणजे झालं, असं नाही. सवड कोणी वापरली आणि तिची किंमत कोण मोजतंय, हेही विचारायला हवं. शेवटचा माणूस वेळेत पोचला, की आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करतो. त्या कौतुकात आधीच्यांचा उशीर आपोआप माफ होऊन जातो. आणि खड्ड्यांतून रोज जाणाऱ्यांनी जी वर्षं वाट पाहिली, त्यांच्यासाठी तर चार्टवर चौकटच नसते.