एक जूनची मुले

माणसाचे वय कोणी सांगावे? आईने, शाळेच्या दाखल्याने, की हाडाने? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा आपल्या देशात भरली, तेव्हा त्याला फार मोल आले. जन्म १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतरचा हवा. एक दिवस आधीचा असला तरी दार बंद. भारताच्या एकवीस जणांच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही आपण हरलो. जीक्सन सिंगचा एक गोल तेवढा पदरी पडला.

आता बीड जिल्ह्यात या. येथल्या कितीतरी आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो. मृगाच्या तोंडावरच साऱ्या बायका बाळंत होत असतील, असे नव्हे! पोर शाळेत आणले की गुरुजी विचारीत, ‘जन्म केव्हाचा?’ आई म्हणे, ‘दुष्काळाच्या दुसऱ्या सालचा, ज्वारी काढणीला आली होती तवाचा.’ गुरुजी तोंडाकडे पाहून साल ठरवीत आणि तारीख लिहीत १ जून. शाळा जूनमध्येच उघडे, सहा वर्षे बरोबर भरत. याला लबाडी म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. त्या तारखेने एक पोर वर्गात आले, बाहेर कोणी गेले नाही. सतरंजीवर थोडे सरकून बसले की झाले.

संघात मात्र सरकून बसता येत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा सतराचा म्हणून उतरला, की कुठल्यातरी खऱ्या सोळा वर्षांच्या पोराची जागा जाते. आणि ती का गेली, हे त्याला कधी कळतही नाही.

म्हणून मुलांच्या या स्पर्धेत २००९ पासून मनगटाचे चुंबकीय चित्र काढतात. हाडाचे टोक पुरते सांधलेले दिसले, की मुलगा बाद. पण हाडाला वर्षे कोठे मोजता येतात? ते वाढ मोजते. लवकर वाढलेला एखादा प्रामाणिक मुलगाही त्यात क्वचित सापडायचा. तरीही मी त्या यंत्राच्याच बाजूचा. बाहेर राहिलेल्या पोराची कड घेणारा तेथे दुसरा कोणी नसतो.

बीडमध्ये अलीकडे जन्माची नोंद बहुधा दवाखान्यातच होते, तारीख खरी असते. पण दसरा झाला की गाड्या भरतात आणि कोयत्यांबरोबर पोरेही निघतात. आपण फराळाला बसू तेव्हा त्यांतली कितीतरी उसाच्या फडात असतील. सुटी संपून शाळा उघडेल, गुरुजी हजेरी घेतील, आणि अचूक जन्मतारीख असलेल्या त्या नावांपुढे गैरहजेरीची फुली पडेल.