करेल हळूहळू

सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीतून घरी येतं, अंग धरू लागतं आणि घराचा जीव भांड्यात पडतो. चार महिने झाले तरी मान धरत नाही, असं आईने म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "अगं, तुझा नवराही उशिराच चालला. करेल हळूहळू."

या बोलण्यात माया आहे, थोडं तथ्यही आहे. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून दहा आठवडे वजा करायचे असतात. चार महिन्यांचं ते बाळ वाढीच्या हिशेबात दोन महिन्यांचंही नसतं. पण म्हणून कुणाला दाखवायचंच नाही, हे मला पटत नाही.

पोटातले शेवटचे आठवडे बाळ हातपाय पोटाशी घेऊन, गर्भाशयाला रेटे देत घालवतं. या बाळांचं नेमकं तेच राहून जातं. बाहेर ती हातपाय पसरून सपाट पडून राहतात. म्हणून नर्स कापडाची वळी करून बाळाभोवती घरटं करते, आई त्याला उघड्या छातीशी धरते. पुढे थेरपिस्ट बाळाला मांडीवर घेते, त्याचे दोन्ही हात छातीवर एकत्र आणते आणि आपला चेहरा अगदी सावकाश एका बाजूला नेते. आधी बाळाचे डोळे वळतात, मग मान. उपचार म्हणतात तो एवढाच. हातपाय ओढणं, जोर लावून मालीश करणं यात कुठेच बसत नाही.

बाळांच्या मेंदूच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. हाइन्झ प्रेख्टल यांनी तर बाळाला हातही न लावता, उताण्या बाळाच्या आपसूक हालचाली नुसत्या निरखल्या. वाढीच्या हिशेबातल्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यातल्या त्या बारीक चुळबुळीवरून मेंदूची तब्येत कळते, हे त्यांनी 1997 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्या वयात मेंदू झपाट्याने घडत असतो. उपचाराने सगळंच भरून निघेल, असं वचन कुणी देऊ नये. पण ही वेळ पुन्हा येत नाही.

तेव्हा बाळाची मूठ सतत आवळलेली असेल, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरत असेल, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथली तपासणी आणि उपचार मोफत आहेत.