नकाराचा अधिकार

केंद्राचा पैसा राज्याकडे अटींसह जातो, हे आमच्यासारख्या केंद्रीय कचेरीत टिपणे लिहिणाऱ्यांस नव्याने सांगावयास नको. उपयोगिता-प्रमाणपत्र आले नाही, सबब पुढील हप्ता रोखावा, असा शेरा आम्ही अनेकदा लिहिला आहे. लिहिताना हात अडखळला नाही. अडखळला तो अमेरिकेतील एक प्रकरण वाचून.

मंदीशी झुंजण्यासाठी फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेने जो कायदा केला, त्यात बेकारी-भत्त्याचे नियम सुधारणाऱ्या राज्यांसाठी ७०० कोटी डॉलर राखून ठेवले होते. राज्याच्या वाट्यातील एक तृतीयांश रक्कम पहिल्या सुधारणेसाठी. ती केल्यावर उरलेली रक्कम आणखी चारांपैकी दोन सुधारणांसाठी. अर्धवेळ काम शोधणारास भत्ता, कुटुंबाच्या निकडीने नोकरी सोडावी लागलेल्यास भत्ता, अशा त्यांतील काही. मुदत संपताच आपोआप गळून पडेल असा कायदा मात्र चालणार नव्हता.

पहिली सुधारणा आम्हांस विशेष बोचली. भत्ता देताना अर्जदाराची आधीची मिळकत पाहतात. पण जुन्या नियमाने शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चारच मोजल्या जात. जुलै २००८ मध्ये कामास लागून मार्च २००९ मध्ये घरी बसविला गेलेला मजूर नऊ महिने राबला, तरी त्याच मार्चमध्ये अर्ज केल्यास हिशेबात त्याचे तीनच महिने धरले जात. का? तर मालकांकडून वेतनाचे कागद येऊन जुळेपर्यंत वेळ लागे म्हणून. कारकुनाची सोय! ती आमच्याच जमातीची. पुढे यंत्रे आली, कागद कमी झाले, नियम तेवढा राहिला.

टेक्सासचे राज्यपाल रिक पेरी यांनी मार्च २००९ मध्ये सुमारे साडेपंचावन्न कोटी डॉलर नाकारले. लुइझियानाचे बॉबी जिंदल, ज्यांचे आईवडील पंजाबातून तेथे गेले, त्यांनीही नकार दिला. पैसा एकदाच येणार, कायदा मात्र मागे राहणार, आणि पैसा सरल्यावर त्याचा भार मालकांवरील करात उतरणार, हे त्यांचे म्हणणे. त्यास हसून उडविता येणार नाही. नाक दाबून तोंड उघडविण्याची ही रीत आहे, आणि दिल्लीत बसून ती आम्ही पुरेशी पाहिली आहे. उपकार करणाराने दुसऱ्याच्या घरचे नियमही लिहावेत काय?

परंतु मिंधेपण नको म्हणण्याचा मान ज्याचा त्याने राखावा. येथे नकार राज्यपालांचा आणि उपास दुसऱ्याचा. तीन महिन्यांच्या हिशेबात अडकलेल्या मजुरास कोणी विचारले नव्हते. शिवाय त्याच वर्षी टेक्सासचा बेकारी-निधी आटला आणि राज्याने केंद्राकडूनच कर्ज काढले. दान नको, ऋण चालेल, यातही एक प्रकारचा स्वाभिमान असेल. आम्हांस तो उमगत नाही.

तथापि पेरींना दोष देताना आमची लेखणी जरा जपूनच चालते. अट घालणाराचाही उपास कधी पडत नाही. परवा एका राज्याचा हप्ता रोखण्याचे टिपण आमच्यापुढे आले. शेरा आम्ही लिहिला. नियमाप्रमाणे तोच लिहावयाचा होता. मात्र या खेपेस मागील पाने उलटून पाहिली. प्रस्तावास नमुन्यादाखल एका गावच्या निराधार वृद्धांची यादी जोडलेली होती: नाव, वय आणि सहीच्या जागी अंगठा.